एका अंडरटेकरने जुळवलेले फोन



संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देताघेता एका काकांनी मला विचारले, "अरे, तू कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतोस?" हा प्रश्न मला नेहमी अडचणीत आणतो. मी म्हणालो, "काका, प्लंबर, हीटिंग, एअर कंडिशनिंगवाल्या कंपन्यांच्या पाच-दहा गावांत ब्रँचेस असतात. गिऱ्हाइकाचा फोन आला की तो कुठल्या ब्रँचला जायचा ते ठरवणारे सॉफ्टवेअर आम्ही लिहितो." काका हसले आणि म्हणाले, "म्हणजे तू आमच्या स्ट्रोजरचाच वारसदार की!"

काकांची सारी नोकरी मुंबईच्या टेलिफोन खात्यात गेलेली. स्ट्रोजर एक्स्चेंजच्या हॉलमध्ये पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज दिवसभर चाले, असे ते सांगत होते. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मी हे नाव वाचले होते, पण त्यामागचा माणूस कोण हे माहीत नव्हते. मग हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी शोधून काढले. ती गोष्ट तुम्हालाही आवडेल म्हणून लिहितो आहे.

आल्मन ब्राउन स्ट्रोजरचा जन्म 1839 साली न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टरजवळच्या पेनफील्ड गावात झाला. अमेरिकेच्या गृहयुद्धात तो न्यूयॉर्कच्या आठव्या घोडदळ पलटणीत होता आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोचला. युद्ध संपल्यावर त्याने शाळामास्तरकी केली. पुढे कॅन्सस राज्यात टोपेका इथे आणि नंतर कॅन्सस सिटीत तो अंडरटेकर झाला, म्हणजे मृताच्या अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणारा व्यावसायिक. विजेचे किंवा यंत्रांचे कसलेही शिक्षण त्याने घेतलेले नव्हते.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट 1876 मध्ये मिळाले आणि 1878 मध्ये न्यू हेवनला पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले. फोन उचलला की एक्स्चेंजमधली ऑपरेटर बोलायची. आपण नाव सांगायचे आणि ती हाताने दोन तारा जोडून द्यायची. सुरुवातीला या कामावर पोरे असत, पण ती दांडगाई करत, म्हणून लवकरच मुली आल्या. गावात कुणाचा फोन कुणाकडे जातो हे त्या ऑपरेटरच्या हातात असे.

अंडरटेकरच्या धंद्यात फोन फार महत्त्वाचा. घरात कुणी गेले तर नातेवाईक चार ठिकाणी चौकशी करत बसत नाहीत. पहिला फोन ज्याला लागतो, काम त्याला मिळते. स्ट्रोजरच्या लक्षात आले की आपल्याकडे येणारे फोन आटले आहेत. प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि ती स्ट्रोजरसाठी आलेले फोन आपल्या नवऱ्याकडे वळवायची, अशी कथा प्रसिद्ध आहे. ही कथा वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. एका रूपात स्ट्रोजरच्या स्वतःच्या मित्राचा अंत्यविधी प्रतिस्पर्ध्याकडे गेल्याचे त्याला पेपरात वाचून कळते. दुसऱ्या रूपात दोष ऑपरेटरचा नसतोच. दुकानाची धातूची पाटी वाऱ्याने हलून तारांना लागते आणि त्याचा फोन बंद पडतो.

खरे काय ते असो, पण संशय मात्र खरा होता. तक्रारी करून दमल्यावर त्याने वेगळाच विचार केला. मध्ये माणूसच नसेल तर? कुणाशी बोलायचे हे फोन करणाऱ्यानेच ठरवले आणि तारा आपोआप जुळल्या तर?

पहिला नमुना त्याने कॉलरच्या गोल डब्यात टाचण्या टोचून केला असे सांगतात. कल्पना सोपी आहे. शंभर फोनांच्या तारा दहा ओळींत, प्रत्येक ओळीत दहा अशा मांडायच्या. मधोमध एक दांडा आणि त्याला एक हात. समजा तुम्हाला 57 नंबर हवा आहे. पाच ठोके दिले की हात पाच पायऱ्या वर चढतो, मग सात ठोके दिले की तो सात घरे फिरतो आणि 57च्या तारेला टेकतो. ऑपरेटरची गरजच नाही. आम्ही कॉलेजात अ‍ॅरेची रो आणि कॉलम शिकलो, तेच हे, फक्त पितळेचे!

12 मार्च 1889 रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला आणि 10 मार्च 1891 रोजी पेटंट मिळाले, क्रमांक 447918. पुतण्या वॉल्टर त्याच्या मदतीला होता. जोसेफ हॅरिस आणि मोझेस मेयर या दोघांच्या साथीने 1891 मध्ये कंपनी उभी राहिली. 3 नोव्हेंबर 1892 रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा त्यावर सुमारे 75 ग्राहक होते. डायल अजून यायची होती. बटण मोजून तितक्या वेळा दाबावे लागे आणि मोजण्यात चूक झाली की राँग नंबर! बोटाने फिरवायची डायल 1896 च्या सुमारास त्याच्या कंपनीतल्या कीथ आणि एरिक्सन बंधूंनी आणली.

स्वतः स्ट्रोजर मात्र फार काळ थांबला नाही. 1896 मध्ये त्याने आपली पेटंट्स 1800 डॉलरला विकली आणि 1898 मध्ये कंपनीतला हिस्सा 10000 डॉलरला. मग तो फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला राहायला गेला आणि 26 मे 1902 रोजी तिथेच वारला. वय 63. त्याच्या पांढऱ्या थडग्याच्या दगडावर नाव, हुद्दा आणि पलटण एवढेच कोरलेले आहे. टेलिफोनचा उल्लेख नाही.

त्याचे यंत्र मात्र जगभर गेले. इंग्लंडमध्ये एप्सम इथे 1912 मध्ये, भारतात सिमल्याला 1913-14 मध्ये पहिले स्वयंचलित एक्स्चेंज आले. ज्या बेल कंपनीने सुरुवातीला त्याच्याकडे दुर्लक्ष केले, तिनेही 1919 मध्ये व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथे हेच यंत्र बसवले. 1948 मध्ये बंगलोरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज सुरू झाली आणि स्ट्रोजरची यंत्रे आपल्या देशात बनू लागली. आपल्यापैकी अनेकांच्या घरचा तो काळा डब्बा फोन, ज्याला आई कुलूप लावून ठेवायची, त्याची डायल सोडल्यावर येणारी टकटक म्हणजे स्ट्रोजरचे ठोकेच. ब्रिटनमधले शेवटचे सार्वजनिक स्ट्रोजर एक्स्चेंज 1995 पर्यंत चालले.

या सगळ्याची एक किंमतही होती. ऑपरेटरचे काम हा हजारो मुलींचा पगार होता, आणि त्यातल्या बहुतेकींनी कुणाचाही फोन कधी वळवला नव्हता. आगीची, डॉक्टरची खबर रात्री-अपरात्री पोचवणाऱ्याही त्याच होत्या. एकीवरच्या संशयातून निघालेल्या यंत्राने हळूहळू सगळ्यांचीच जागा घेतली.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एका हीटिंग कंपनीचा ब्रँच मॅनेजर चिडून फोनवर आला. ऐन जानेवारीत त्याचे फोन निम्म्यावर आले होते. हेड ऑफिस मुद्दाम दुसऱ्या ब्रँचला कामे देते अशी त्याची खात्री झाली होती. मी आमचा कोड उघडला. फोन करणाऱ्याचा एरिया कोड पाहून ब्रँच ठरवायची, असा नियम त्यात होता. तो नियम मीच लिहिला होता! माणसे गाव बदलतात, पण मोबाइल नंबर तोच ठेवतात. त्याच्या भागात नवीन राहायला आलेली कुटुंबे फर्नेस बंद पडला म्हणून थंडीत कुडकुडत फोन करत होती आणि मी त्यांना त्यांच्या जुन्या गावच्या ब्रँचकडे पाठवत होतो.

आम्ही नियम बदलला. आता गिऱ्हाइकाला आधी झिप कोड दाबायला सांगतो आणि ठरावीक रिंगमध्ये कुणी उचलले नाही तर फोन शेजारच्या ब्रँचला जातो. शिवाय कुठला फोन कुठे आणि का गेला याची यादी प्रत्येक मॅनेजरला रोज बघता येते. ती यादी त्यानेच मागून घेतली.

स्ट्रोजरने फोन जुळवायचा अधिकार ऑपरेटरच्या हातातून काढून फोन करणाऱ्याच्या बोटात दिला. आम्ही तो परत काढून घेतला आणि कुणाला न दिसणाऱ्या नियमांत ठेवला. ऑपरेटरशी निदान भांडता तरी यायचे. म्हणून आता प्रत्येक नवीन नियम लिहिताना मी स्वतःला विचारतो की यात एखाद्या स्ट्रोजरचा फोन हरवत तर नाही ना?

काकांना मी हे सगळे परवा सांगितले. ते म्हणाले, "आमच्या हॉलमध्ये एखादा स्विच अडकला की आवाजावरून कळायचे रे. तुमचे सगळेच मुके!" खरे आहे. मंडळींपैकी कुणी टेलिफोन खात्यात किंवा ट्रंक ऑपरेटर म्हणून काम केले असेल, तर पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा. तुमच्या आठवणी ऐकायच्या आहेत.