विश्लेषण : डोंगरीच्या तुरुंगात ‘हॅम्लेट’ मराठीत कसा आला? आगरकरांचे भाषांतर आजही का आठवावे?

नवी मुंबईहून हार्बर मार्गाने सीएसएमटीला जाताना सँडहर्स्ट रोड स्थानक लागते. या स्थानकाजवळच डोंगरी आहे. १८८२ मध्ये येथील तुरुंगात पुण्याचे दोन तरुण संपादक शिक्षा भोगत होते. एक बाळ गंगाधर टिळक आणि दुसरे गोपाळ गणेश आगरकर. तुरुंगातल्या त्या दिवसांत आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी भाषांतर हाती घेतले. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतली नाटके आजच्या वाचकाला काय देणार, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे एक उत्तर आगरकरांच्या आयुष्यात सापडते.

आगरकरांचा नाटकाशी संबंध कसा आला?

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी होती. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे फिरत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचले. अंगात एकच सदरा, तोच रात्री धुऊन सकाळी घालायचा, असे ते दिवस होते. परीक्षेच्या फीसाठी पैसे नव्हते, तेव्हा एखादे नाटक लिहून ते नाटक मंडळीला विकावे असा विचार त्यांनी केला. ही गोष्ट कळल्यावर प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी त्यांना मदत केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ते नाटक मागे पडले, पण नाट्यवाङ्मयाची ओढ कायम राहिली.

एम.ए. झाल्यावर चांगल्या पगाराची सरकारी नोकरी त्यांना मिळू शकली असती. तो मार्ग सोडून ते विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवू लागले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले.

तुरुंगवास कशामुळे झाला?

कोल्हापूरचे तरुण छत्रपती वेडे झाले आहेत असे सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवण्यात आले होते. त्यांचा छळ होत असल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र अस्वस्थ होता. संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती बनावट निघाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सवलत मिळून १०१ दिवसांनी त्यांची सुटका झाली. या काळाची हकिगत आगरकरांनी पुढे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहिली.

मग ‘हॅम्लेट’च का लक्षात राहतो?

‘हॅम्लेट’ ही अशा राजपुत्राची कथा आहे, ज्याला राजवाड्यात सगळे वेडा समजू लागतात. सत्ता काकाच्या हाती आहे. खून झाल्याचे सांगायला फक्त एक भूत आहे. त्या भुतावर विश्वास ठेवावा का, हा त्याच्यापुढचा पेच. म्हणून तो थेट सूड घेत नाही. राजासमोर नाटकाचा प्रयोग करवून घेतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून खरेखोटे तपासतो.

वेडा ठरवलेल्या छत्रपतींची बाजू घेतल्यामुळे आणि न तपासलेल्या पत्रांवर भरवसा ठेवल्यामुळे तुरुंगात आलेला संपादक या नाटकाचे भाषांतर करत होता. हे साम्य नजरेआड करता येत नाही. अन्यायाविरुद्ध बोलायलाच हवे, पण हातातला पुरावा खरा आहे का? ‘हॅम्लेट’मधला हा प्रश्न आगरकरांनी स्वतःच्या अंगावर झेलला होता. फोनवर आलेला संदेश खातरजमा न करता पुढे पाठवणाऱ्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

भाषांतरात आगरकरांनी काय केले?

१८८३ मध्ये हे भाषांतर ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. विकार म्हणजे मनातल्या प्रबळ भावना आणि त्यांचा खेळ म्हणजे विलसित. डेन्मार्कच्या राजघराण्यापेक्षा माणसाच्या मनातली खळबळ हा या नाटकाचा गाभा आहे, हे शीर्षकातच दिसते. हॅम्लेट मराठीत चंद्रसेन झाला. शेक्सपिअरची तुलना आपल्या कवींशी करणारा ‘शेक्सपिअर, भवभूति व कालिदास’ हा निबंधही आगरकरांनी लिहिला. परक्या नाटककाराला देव्हाऱ्यात न बसवता आपल्या परंपरेशेजारी ठेवून वाचण्याची त्यांची रीत होती.

नाटकातली एक गोष्ट त्या काळात विशेष बोचरी होती. राजाच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत राणी दिराशी लग्न करते. विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली ती १८५६ मध्ये, म्हणजे आगरकरांच्या जन्माच्याच वर्षी. समाजाने मात्र तो स्वीकारला नव्हता. विधवांच्या हक्कांसाठी पुढे आयुष्यभर लेखणी चालवणाऱ्या माणसाने हे नाटक मराठीत आणावे, हे धाडसच होते.

हे नाटक सामान्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले का?

पोहोचले, ते शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे. गणपतराव जोशी यांचा चंद्रसेन महाराष्ट्रभर गाजला. इंग्रजीचे एक अक्षर न येणाऱ्या प्रेक्षकांनी ‘हॅम्लेट’ मराठीत पाहिला. आगरकरांचे सहकारी वासुदेव बाळकृष्ण केळकर यांचे ‘त्राटिका’ आणि गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ ही नाटकेही शेक्सपिअरवरच आधारलेली होती. १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करणाऱ्या विष्णुदास भावे यांचे नाव वाशीच्या नाट्यगृहाला आहे. त्यांच्यानंतर अवघ्या अर्धशतकात मराठी रंगभूमीने शेक्सपिअर आपलासा केला होता.

आगरकरांचे पुढे काय झाले?

तुरुंगात एकत्र असलेले दोन मित्र पुढे दुरावले. आधी समाजसुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, हा त्यांच्यातला वाद होता. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ सुरू केला. बालविवाह, केशवपन, अंधश्रद्धा यांवर त्यांनी कठोर टीका केली. संतापलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. दम्याने शरीर खंगत असतानाही ते शिकवत आणि लिहीत राहिले. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी, चाळिशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. ‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

मग जुनी नाटके आज वाचावीत का?

शेक्सपिअरचे इंग्रजी आज इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही टिपांशिवाय नीट कळत नाही. मराठी वाचकाची स्थिती एका अर्थाने बरी आहे, कारण भाषांतर दर पिढीत नव्याने करता येते. ‘विकारविलसित’ची भाषाही आज जुनी वाटते. पण नाटक तेवढ्याने संपले नाही. नाना जोग यांनी ‘हॅम्लेट’ पुन्हा मराठीत आणला आणि २०१८ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सुमीत राघवन यांनी ती भूमिका रंगवली. ‘किंग लिअर’मधल्या बापाची वेदना वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मधून घराघरांत पोहोचली.

भाषा जुनी होते, म्हणून प्रश्न जुने होत नाहीत. अवघड इंग्रजी पाहून ज्याने पुस्तक मिटले असेल, त्याने आधी मराठी भाषांतर वाचावे किंवा प्रयोग पाहावा आणि मग वाटल्यास मूळ संहितेकडे वळावे. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी आगरकरांनी हे दार १८८३ मध्येच उघडून ठेवले आहे.