मंडालेची पत्रं : लोकमान्य टिळक आणि त्यांचं घर



१ ऑगस्ट आला की आपल्या शाळेत लोकमान्य टिळकांवर भाषणं होतात. शेंगांच्या टरफलांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते. काही वर्षांपूर्वी अशीच भाषणं झाल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलानं हळूच विचारलं की टिळक तुरुंगात असताना त्यांच्या पोरांना त्यांच्याशी बोलता यायचं का? त्याचे स्वतःचे वडील तेव्हा लांबच्या तुरुंगात होते. वर्गात मात्र तो वडील ऊसतोडीला गेलेत असंच सांगायचा. मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी इथं झाला. ते दहा वर्षांचे असताना आई पार्वतीबाई गेल्या आणि सोळाव्या वर्षी वडील गंगाधरपंतही गेले. हे लक्षात ठेवा, पुढं याचा संबंध येणार आहे.

'केसरी'तल्या लेखांवरून १९०८ साली इंग्रज सरकारनं त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. २२ जुलैच्या रात्री मुंबईत निकाल लागला : सहा वर्षं हद्दपारीची शिक्षा. दुसऱ्याच दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. आधी त्यांना साबरमतीच्या तुरुंगात नेलं आणि सप्टेंबरमध्ये बोटीनं थेट ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, मंडालेच्या तुरुंगात.

तिथली खोली लाकडाची होती. उन्हाळ्यात अंगाची लाही व्हायची, थंडीत वारा आत घुसायचा. त्यात मधुमेहाचा आजार. कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी स्वयंपाकाला दिला होता, तेवढीच आपल्या भाषेत बोलायची सोय. पुण्याहून उठून भेटायला जावं इतकं मंडाले जवळ नव्हतं. मग उरलं काय? पत्र.

पत्रंही मोजकीच. तुरुंगाचे अधिकारी ती वाचायचे आणि राजकारणाचा एक शब्दही चालत नसे. म्हणून टिळक काय लिहायचे, माहीत आहे? घरचंच! मुलांचा अभ्यास कसा चाललाय, घरचे व्यवहार, कोर्टातली कामं आणि कोणती पुस्तकं पाठवायची त्यांची नावं. घर सांभाळणारे त्यांचे भाचे धोंडोपंत विद्वांस यांना ही पत्रं जायची. घरची मंडळी पुस्तकं शोधून पाठवायची. अशी शेकडो पुस्तकं मंडालेला पोचली. त्यांच्याच आधारानं १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिलं. शाई मिळत नव्हती, म्हणून पेन्सिलीनं. सुटे कागदही देत नसत. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्याच मिळायच्या. म्हणजे बघा, त्या मोठ्या ग्रंथामागं पुण्यात पार्सलं बांधणारे हातही होते.

जून १९१२ मध्ये मंडालेला एक तार आली. सत्यभामाबाई, त्यांच्या पत्नी, पुण्यात वारल्या होत्या. चार वर्षं नवऱ्याची वाट बघून त्या गेल्या आणि शेवटच्या वेळी टिळक जवळ नव्हते. याचं त्यांना फार दुःख झालं. पण त्यांनी विद्वांसांना पत्र लिहिलं ते मुलांच्या काळजीचं. रामभाऊ आणि बापू यांनी दुःखात वेळ घालवू नये, अभ्यास सोडू नये. आपणही लहानपणीच पोरके झालो होतो, याची त्यांनी मुलांना आठवण द्यायला सांगितलं. सुरुवातीला लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी! डोक्यावरून हात फिरवता येत नव्हता, म्हणून बापानं पत्रातून धीर दिला.

१६ जून १९१४ च्या रात्री टिळक पुण्याच्या घरी परत आले. सरकारनं ठेवून घेतलेल्या वह्या नंतर मिळाल्या आणि १९१५ साली 'गीतारहस्य' छापून निघालं. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. टिळक देशासाठी तुरुंगात गेले, त्याच्या वडिलांची गोष्ट वेगळी, हे त्यालाही कळत होतं. पण घरी वाट बघणारं लेकरू सारखंच असतं ना? मी त्याला एक पोस्टकार्ड आणून दिलं. काय लिहू, म्हणाला. मी म्हटलं, घरचं लिही. मग त्यानं लिहिलं : शेळीला दोन पिल्लं झाली, आजीचा गुडघा दुखतो, गणितात २५ पैकी १९ मार्क पडले. उत्तर यायला महिना लागला. ते पत्र वर्षभर त्याच्या दप्तरात होतं.

आता तुरुंगात मुलाखतीची सोय असते, काही ठिकाणी फोन आणि व्हिडिओ कॉलही करता येतो. पण बोलणं दहा मिनिटांत संपतं. पत्र मात्र रात्री पुन्हा काढून वाचता येतं.

मुलांनो, तुमच्याही घरातलं कुणी लांब असेल, मग ते कारखान्यावर असो, सैन्यात असो, नाहीतर कुठंही, त्यांना या आठवड्यात एक पत्र लिहा. मोठं काही सुचलं नाही तरी चालेल. घरचं लिहा.