शेजारधर्म : जेन ॲडम्स यांचे जीवनकार्य

१८ सप्टेंबर १८८९ ची रात्र. अमेरिकेतील शिकागो शहराच्या पश्चिम भागात, हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या विटांच्या वाड्यात दोन तरुण स्त्रिया आणि त्यांची एक मदतनीस राहावयास आल्या. एके काळी वैभवात नांदलेल्या त्या वाड्याला आता गरिबांच्या दाट वस्तीने वेढले होते. दिवसभर सामान लावून दमलेल्या त्या तिघी झोपी गेल्या आणि बाजूचा एक दरवाजा रात्रभर सताड उघडाच राहिला. सकाळी उठून पाहतात तो घरातील काडीही हललेली नव्हती! ज्या वस्तीचे नाव काढताच शहरातील प्रतिष्ठित मंडळी नाक मुरडीत, तिने पहिल्याच रात्री आपल्या नव्या शेजारणींना स्वतःची ओळख करून दिली होती. त्या दोघींपैकी एक होत्या जेन ॲडम्स आणि दुसऱ्या त्यांची मैत्रीण एलेन गेट्स स्टार. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने १८५६ मध्ये बांधलेला हा वाडा पुढे ‘हल हाऊस’ म्हणून जगाला ठाऊक झाला.

त्या काळी शिकागोची लोकसंख्या अकरा लाखांच्या घरात पोहोचत होती आणि त्यातील फार मोठा भाग परदेशांतून आलेल्यांचा व त्यांच्या मुलाबाळांचा होता. कोणी इटलीतील दारिद्र्याला कंटाळून आलेला, तर कोणी जिवाच्या भीतीने. १८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाल्यानंतर तेथील ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरेदारे टाकून हजारो कुटुंबे समुद्रापलीकडे निघाली. भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही, ओळखीचे कोणी नाही, अशा अवस्थेत ही माणसे हॉल्स्टेड रस्त्याच्या आसपास येऊन पडत. हल हाऊसमधील कार्यकर्त्यांनी भोवतालच्या गल्ल्यांची घरोघर पाहणी करून १८९५ मध्ये ती प्रसिद्ध केली, तेव्हा त्या चिमुकल्या भागात अठरा राष्ट्रांची माणसे आढळली.

सुखवस्तू घरातील एका मुलीला येथे येऊन राहावेसे का वाटले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे.

जेनचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय राज्यातील सीडरव्हिल या खेड्यात झाला. दोन वर्षांची असतानाच तिचे मातृछत्र हरपले. पाठीच्या कण्याच्या क्षयामुळे तिच्या पाठीत कायमचा बाक राहिला. वडील गिरणीचे मालक, राज्याच्या सिनेटचे सभासद आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही. लिंकनच्या हत्येची बातमी आली तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत आलेले अश्रू त्या चार वर्षांच्या मुलीच्या मनावर कायमचे कोरले गेले. १८८१ मध्ये तिने रॉकफर्ड येथील शिक्षण पुरे केले आणि त्याच वर्षी वडीलही गेले. वैद्यकीय शिक्षण सुरू केले, तर पाठीच्या दुखण्याने तेही सुटले. पैसा आहे, शिक्षण आहे, पण करावे काय हे कळत नाही, अशी पुढची आठ वर्षे गेली.

या काळातला एक प्रसंग आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८८३ मध्ये युरोपच्या प्रवासात असताना एका शनिवारी रात्री त्यांनी लंडनच्या पूर्व भागात सडक्या भाजीपाल्याचा लिलाव पाहिला. शेकडो रिकामे हात वर उठले होते. एकाने मिळालेला कोबीचा गड्डा तिथेच, न धुता, कच्चाच खाल्ला. गाडीच्या टपावरून हे पाहताना जेनच्या मनात प्रथम काय आले असेल? डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराचा एक उतारा! त्यात एका जोडप्यावर संकट ओढवत असताना लेखकाला ओरडून सावध करता येत नाही, कारण त्याचे मन आधी होमरच्या ओळी आठवू लागते. आपलेही तसेच झाले आहे, हे जेनला त्या क्षणी जाणवले. साहित्य आपल्याला जीवनाकडे नेत नाही, जीवन आणि आपण यांच्यामध्ये पडद्यासारखे उभे राहते आहे! तयारी करता करता आयुष्य निघून जाईल आणि कृती राहूनच जाईल, ही टोचणी त्यांना लागली ती कायमची.

१८८८ मध्ये त्या पुन्हा लंडनला गेल्या व टॉयनबी हॉल पाहून आल्या. विद्यापीठातील तरुणांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन मुक्काम करावा, अशी ही चार वर्षांपूर्वी सुरू झालेली संस्था. मार्ग सापडला आणि पुढच्याच वर्षी हल हाऊस उभे राहिले.

हल हाऊसमधील कार्यकर्ते तेथेच राहत. त्यांना ‘निवासी’ म्हणत. आपल्या राहण्याजेवण्याचा खर्च ते स्वतः देत. काम कोणते? ठरलेले असे काहीच नव्हते. शेजाऱ्याला जे हवे ते. नवजात बालकांना न्हाऊ घालणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, आई कामावर गेली की मुले सांभाळणे, मयताची अखेरची तयारी करणे. एकदा एक बाई धावत आली. शेजारच्या खोलीत एक मुलगी एकटीच बाळंत होत होती. ती अविवाहित, म्हणून आजूबाजूच्या बाया तिला हात लावावयास तयार नव्हत्या. डॉक्टर येईपर्यंत जेनबाई आणि त्यांच्या सहकारी ज्युलिया लॅथ्रॉप यांनीच ते बाळंतपण केले. याच लॅथ्रॉपबाई पुढे १९१२ मध्ये अमेरिकन सरकारच्या बालककल्याण विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या.

पहिल्या नाताळात मुलींना मिठाई वाटली, तर काही जणींनी ती नाकारली. चौकशी करता कळले, की त्या मिठाईच्या कारखान्यात सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. त्यांना मिठाई नजरेसमोरही नको होती! अशा अनुभवांतून बालमजुरीविरुद्धचा लढा उभा राहिला. हल हाऊसच्या निवासी फ्लॉरेन्स केली यांच्या परिश्रमाने १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कारखान्यांचा कायदा झाला.

परंतु जेनबाईंचे चरित्र केवळ यशाचे नाही. त्यांच्या चुका त्यांच्या यशाइतक्याच बोधप्रद आहेत आणि त्या आपल्याला कळतात त्या त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्यामुळे.

नव्याने आलेली कुटुंबे पौष्टिक खात नाहीत, असे पाहून हल हाऊसने सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. शास्त्रीय पद्धतीने शिजवलेली, स्वस्त आणि सकस सूप तेथे मिळत. पण गिऱ्हाईक फिरकेना. इटालियन बाईला तिच्या गावचे जेवण हवे होते, ज्यू कुटुंबाला त्याच्या धर्माचे. आपल्याला जे हितकर वाटते तेच दुसऱ्याला हवे असते, असे नाही. हा धडा त्या स्वयंपाकघराने दिला.

दुसरी चूक मात्र सूपवर भागली नाही. १८९३ च्या मंदीत एक बेकार कारकून मदत मागावयास आला. शहराबाहेर कालव्याचे खोदकाम चालू होते. धडधाकट माणसाने आधी मिळेल ते काम करावे, मग मदत मागावी, असा मदतकार्याचा नियम. आपण जन्मभर छपराखाली बसून काम केले आहे, थंडीतले खोदकाम आपल्याला झेपणार नाही, असे त्याने सांगून पाहिले. जेनबाईंनी नियमावर बोट ठेवले. तो निमूटपणे गेला. दोन दिवस त्याने खोदकाम केले, न्यूमोनिया झाला आणि आठवड्याने तो मरण पावला. मागे दोन लहान मुले राहिली. जेनबाईंनी त्या मुलांचा संबंध पुढे कधी तोडला नाही आणि हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लपवलाही नाही. माणसाची अडचण समजण्यासाठी त्याचे सारे जीवन ठाऊक असावे लागते, नियम ठाऊक असून भागत नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःपुरता काढला.

१८९६ मध्ये त्या रशियात टॉलस्टॉय यांना भेटल्या. त्यांच्या झग्याच्या घोळदार बाहीला हात लावून, एवढ्या कापडात एका मुलीचा झगा झाला असता, असे त्या वृद्ध ऋषीने सुनावले आणि त्यांचे अन्न कोण पिकवते, असेही विचारले. जेनबाई खजील झाल्या. परतल्यावर रोज दोन तास पाव भाजण्याचा त्यांनी निश्चय केला. पण शिकागोला येऊन पाहतात तो दारात माणसे ताटकळत उभी! स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी त्या माणसांना थांबवायचे? त्यांनी पावाचा बेत सोडून दिला. माझ्या मते टॉलस्टॉयपेक्षा त्या येथे एक पाऊल पुढे गेल्या.

वस्तीतील गल्ल्यांत कचऱ्याचे ढीग साचत व मुले आजारी पडत. तक्रारी करून उपयोग होईना, तेव्हा १८९५ मध्ये त्यांनी वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाचे पद पत्करले. पहाटे सहाला कचऱ्याच्या गाड्यांमागे ही सुशिक्षित बाई हिंडू लागली. एका गल्लीत अठरा इंच कचरा उपसल्यावर खाली फरसबंदी सापडली! मृत्यूच्या प्रमाणात शहरात तिसरा असणारा तो वॉर्ड सातव्या क्रमांकावर आला.

निर्वासितांच्या घरात आणखी एक दुःख असते, ते बाहेरच्यास दिसत नाही. मुले शाळेत जाऊन नवी भाषा शिकतात आणि आईबापांची त्यांना लाज वाटू लागते. एक इटालियन मुलगी हल हाऊसला येताना डोक्याला रुमाल बांधलेल्या आपल्या आईबरोबर एका दाराने आत शिरत नसे. जेनबाईंनी १९०० मध्ये श्रमसंग्रहालय काढले. निरनिराळ्या देशांच्या वृद्ध स्त्रिया तेथे आपापल्या पद्धतीने सूत कातून दाखवीत. जाणकार माणसे आईच्या कौशल्याचे कौतुक करताहेत, हे त्या मुलीने पाहिले. तिचे दार बदलले. त्यानंतर ती आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

खरी कसोटी लागली ती १९०८ च्या मार्च महिन्यात. किशिनेव्ह येथील १९०३ च्या कत्तलीतून वाचलेला लाझारस अव्हरबुक नावाचा एक ज्यू तरुण नुकताच शिकागोस आला होता. एका सकाळी तो पोलीसप्रमुखाच्या घरी गेला आणि तेथे झालेल्या झटापटीत पोलीसप्रमुखाने त्याला गोळ्या घालून ठार केले. तो खून करण्यासाठीच आला होता, असे पोलिसांनी जाहीर केले. तो कशासाठी गेला होता, हे कधीच सिद्ध झाले नाही. पण ज्यू वस्तीत झडत्या सुरू झाल्या, त्याच्या बहिणीला पकडून जबान्या घेतल्या गेल्या आणि परक्या माणसांविरुद्ध शहर खवळून उठले. हल हाऊसने या तरुणाचा निषेध करावा, अशी अपेक्षा होती. जेनबाईंनी तो केला नाही. त्यांनी निधी जमवण्यास मदत केली, हॅरल्ड इकीझ हा तरुण वकील मिळवला आणि पुरलेले प्रेत उकरून पुन्हा तपासणी करवली. ज्यांनी पोलीस हा फक्त छळ करणाराच पाहिला, त्यांना येथेही तेच दिसले तर ते कोणता कायदा शिकतील, असा त्यांचा सवाल होता. टीकेची झोड उठली. पण शेजारी संकटात असताना दार लावून घेणे त्यांना मान्य नव्हते.

पुढे १९१५ पासून महायुद्धाला विरोध केल्याबद्दल त्यांना देशद्रोही म्हटले गेले. १९३१ मध्ये त्याच बाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. हल हाऊसच्या बहुतेक इमारती १९६० नंतरच्या दशकात विद्यापीठासाठी पाडल्या गेल्या. मूळ वाडा मात्र संग्रहालयाच्या रूपाने राहिला.

आपल्याशी त्यांचा एक नाजूक धागा जुळतो. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई हे हल हाऊसचे विश्वस्त आणि जेनबाईंचे स्नेही. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हा त्यांचा विचार हल हाऊसच्या जेवणघरात पक्का झाला. त्याच ड्यूईंच्या वर्गात १९१३ नंतर कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले होते.

आपण विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जातो. सात दिवस रस्ते झाडतो, भाषणे ऐकतो आणि परततो. हे वाईट नाही. पण झाडूला हात घालण्यापूर्वी त्या गावातल्या एका तरी घरी बसून, त्यांचे कसे चालले आहे हे आपण विचारतो का? कालव्यावर पाठवलेल्या त्या कारकुनाला हे कोणी नीट विचारले असते, तर त्याची मुले पोरकी झाली नसती. जेन ॲडम्स यांना ही गोष्ट जन्मभर विसरता आली नाही. आपणही ती विसरू नये.