जोतीरावांचा हिशेब



वर्धापनदिन आला की आपण मंडळाचा अहवाल वाचतो. सभा किती झाल्या, वर्ग किती चालले, वर्गणी किती जमली. हा हिशेब हवाच. परंतु वहीत कोणते रकाने आखायचे हे आपले मन ठरविते. आणि मनाला जे महत्त्वाचे वाटत नाही, त्याचा रकानाच राहून जातो. ही गोष्ट ज्यांनी आपल्या आचरणाने दाखवून दिली, त्या महात्मा जोतीराव फुले यांचे स्मरण या निमित्ताने करू या.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. तान्हेपणीच आई गेली. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा व्यवसाय होता. मधे शाळा सुटली, ती पुन्हा धरून जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ साली त्यांनी भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या आणि लोकांच्या रोषापायी उभयतांना वडिलांचे घर सोडावे लागले. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात शाल देऊन जोतीरावांचा सत्कार केला. पण शाल मिळाली म्हणून सरकारच्या प्रत्येक कामाला बरे म्हणावे, असे त्यांना कधी वाटले नाही.

त्या काळी फसलेली विधवा लोकलाजेने मूल मारी आणि कायदा तिला शिक्षा करी. कायद्याच्या वहीत गुन्हा आणि शिक्षा एवढे दोनच रकाने होते. ती बाई त्या थराला का गेली, हे जोतीरावांनी पाहिले. १८६३ साली त्यांनी आपल्या घरीच अशा स्त्रियांच्या गुप्त बाळंतपणाची सोय केली. तिथे जन्मलेल्या एका बाळाला, यशवंताला, या दांपत्याने पुढे दत्तक घेतले.

जोतीराव कंत्राटदारीही करीत. पै-पैचा हिशेब त्यांना कळत होता. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून स्वागतासाठी १००० रुपये खर्चण्याचा ठराव आला. ३२ सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला लावावेत, असे त्यांचे म्हणणे होते. रुपये तेच, पण बाकीच्यांनी त्यांत शहराचा मान मोजला आणि जोतीरावांनी शाळेबाहेरची पोरे मोजली. ठराव अर्थातच मंजूर झाला.

१८८२ साली शिक्षणाची पाहणी करण्यास हंटर कमिशन आले, तेव्हा जोतीरावांनी आपले लेखी निवेदन दिले. वरच्या वर्गांना शिकवावे म्हणजे विद्या हळूहळू खाली झिरपेल, असे सरकारचे धोरण होते. कॉलेजे आणि पदवीधर मोजले तर धोरण यशस्वीच दिसे. जोतीरावांनी दुसऱ्या टोकापासून मोजले. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने. मग त्याच्या पोरापर्यंत त्यातले काय पोचले? इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, हे त्यांनी मांडले. पोरे गुरांमागे जातात याचे कारण आईबापांचे दारिद्र्य आहे, हेही सांगितले.

केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे. गरीब मुलांना शिष्यवृत्त्या व बक्षिसे द्यावीत. शिक्षकाला निदान १२ रुपये पगार असावा, आणि नांगर धरण्यास न लाजणारी माणसे शिक्षक नेमावीत. शिकवण्यात शेती व आरोग्य यांचेही ज्ञान असावे. लोकलफंडातील निम्मी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावी. मुलींच्या शिक्षणाची मागणी त्यांनी अगदी शेवटी, थोडक्यात केली. स्त्रियांची गरज स्त्रीच्या तोंडून अधिक उलगडली. त्याच कमिशनपुढे पंडिता रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली. मोजणारा बदलला की हिशेबात नवी माणसे दिसू लागतात, ती अशी.

सक्तीची मागणी तेव्हा मान्य झाली नाही. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. साऱ्या देशातील मुलांना तो हक्क देणारा कायदा व्हायला २००९ साल उजाडावे लागले. धोरण चुकीच्या मापाने मोजले की किती पिढ्यांचे नुकसान होते, ते यावरून कळावे.

आपले कनेरगाव नाका हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे. इथून किती गाड्या गेल्या हे कोणीही सांगेल. कोणाला गाडीच मिळाली नाही, हे विचारावे लागते. मंडळाचेही तसेच. शिवणवर्गाला वीस जणी आल्या हे आपण लिहू. पण सोयाबीनच्या काढणीला गेलेली, तान्हे मूल घरी असलेली, बोलावणेच न पोचलेली अशा किती जणी राहिल्या? पुढच्या अहवालात हा एक रकाना आखू या. तो भरताना थोडे ओशाळल्यासारखे होईल. होऊ द्यावे. जोतीरावांचे खरे स्मरण त्यातच आहे.