नानाभॉय मूस आणि कुलाब्याची वेधशाळा

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हटलीं म्हणजे रणांगणावरील पराक्रम, राज्यांची उलथापालथ किंवा सभा गाजविणारीं व्याख्यानें हींच आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु असेही कांहीं पुरुष होऊन गेले कीं, ज्यांचा सारा पराक्रम एका नोंदवहींत सांठविलेला आहे. त्यांनीं राज्य मिळविलें नाहीं. त्यांनीं तासातासाचा एक एक आंकडा मिळविला, तो खरा कीं खोटा हें पारखलें, आणि पुढील पिढीच्या हवालीं केला. अशांपैकीं एक, नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस, यांचा परिचय ह्या अंकीं आमच्या वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीवर पोट भरणाऱ्या आम्हां लोकांस हवेच्या नोंदींचें महत्त्व सांगावयास नको. मृगाचा पाऊस केव्हां पडला, पेरणीनंतर पावसानें किती दिवस ओढ दिली, फुटलेल्या कापसावर अवेळीं सरी आल्या कीं काय, ह्यांवर घरोघरचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. १९७२ सालच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या पालकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकल्या असतील. त्याच सालीं परभणीस कृषि विद्यापीठ स्थापन झालें, व तेथें पाऊस, ऊन, वारा यांच्या नोंदी नित्य होतात. परंतु नोंद ठेवणें म्हणजे वहींत आंकडा लिहिणें एवढेंच नव्हे. तो आंकडा विश्वासास पात्र कसा होतो, हें नानाभॉय मूस यांच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

नानाभॉय यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ रोजीं एका पारशी कुटुंबांत झाला. त्यांचें शिक्षण पुण्यास झालें, व पुढें स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील विद्यापीठांत त्यांनीं पदार्थविज्ञानाचा अभ्यास करून पदवी संपादन केली. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीनें त्यांस आपले सदस्य करून घेतलें. इतकी विद्या मिळविलेल्या तरुणास धनलाभाचे मार्ग कांहीं थोडे नव्हते. परंतु त्यांच्या आयुष्याचा उत्तम भाग मुंबईच्या दक्षिण टोंकास, समुद्राच्या कांठीं, कुलाबा वेधशाळेंत खर्च झाला.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं स्थापिली. बंदरांतील जहाजांस अचूक वेळ कळावी व आकाशस्थ गोलांचे वेध घेतां यावे, हा मूळ हेतु होता. १८४१ पासून तेथें हवामान व भूचुंबकत्व यांचीं निरीक्षणें होऊं लागलीं, आणि १८४६ पासून तीं अखंड चाललीं. आपल्या महाराष्ट्राचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं कांहीं काळ ह्या वेधशाळेचें काम पाहिलें होतें, व गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनींही तरुणपणीं येथेंच सेवा केली.

भूचुंबकत्वाचा हवेशीं काय संबंध, असें एखादा विद्यार्थी विचारील. होकायंत्राची सुई उत्तरेकडे तोंड करून उभी असते, हें आपण शाळेंत पाहतों. ती स्थिर दिसते खरी, पण अत्यंत सूक्ष्म यंत्रानें पाहिल्यास ती रोज थोडीशी हलते व परत आपल्या जागीं येते. त्याचें कारण असें कीं, जमिनीपासून सुमारें शंभर किलोमीटर उंचीवरील विरळ हवा सूर्याच्या किरणांनीं विद्युद्वाहक होते व तींतून विजेचे प्रवाह वाहूं लागतात. ह्या प्रवाहांचा परिणाम भूमीवरील सुईवर होतो. जेथें फुगा पोंचत नाहीं व पांखरूं उडत नाहीं अशा वरच्या हवेची बातमी कुलाब्याची ही लहानशी सुई रोज सांगत असे.

परंतु सुईची साक्ष घ्यावयाची म्हणजे तिची उलटतपासणीही करावी लागते. खोलींतील उष्णता वाढली कीं लोहचुंबकाचें बल घटतें. तेव्हां सुई हलली ती पृथ्वीमुळें कीं खोलीच्या उष्म्यामुळें, हें प्रथम ठरवावें लागतें. त्यासाठीं प्रत्येक वेधासोबत उष्णतामान टिपून त्या मानानें आंकडा दुरुस्त करावा लागतो. शिवाय रोजचें यंत्र केवळ चढउतार दाखवितें. मूळ बल किती, हें निराळ्या यंत्रानें ठराविक दिवसांनीं मोजून त्या दोहोंचा मेळ घालावा लागतो. जवळून लोखंडी वस्तु गेली, यंत्राला धक्का लागला, घड्याळ मागें पडलें, तर त्या वेळचा आंकडा संशयित ठरतो. असा आंकडा निमूटपणें सुधारून टाकणें हा नोंदवहीचा धर्म नव्हे. त्याच्या पुढें खूण करावी, कारण लिहावें, आणि मग त्याचा उपयोग करावा किंवा तो सोडून द्यावा.

१८९६ सालीं वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स यांचें निधन झालें, आणि त्यांच्या जागीं नानाभॉय मूस आले. कायमचे संचालक म्हणून त्या जागेवर भारतीय मनुष्य बसण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. वर्षही मोठें कठीण होतें. त्याच सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईंत प्लेगनें पाऊल टाकलें. हजारों लोक घरेंदारें सोडून गांवोगांव निघून गेले. तथापि कुलाब्याच्या वेधशाळेची नोंद तुटली नाहीं. आसामांत १८९७ सालीं जो भयंकर भूकंप झाला, त्यानंतर भूकंप नोंदविणारें मिल्न यांचें यंत्रही मूस यांच्या कारकीर्दींत कुलाब्यास बसविण्यांत आलें.

पण त्यांची खरी कसोटी पुढेंच होती. मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धांवत असत. विसाव्या शतकाच्या आरंभीं त्यांच्या जागीं विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचें ठरूं लागलें. नगरवासियांस ही मोठीच सोय होती; परंतु वेधशाळेवर तें संकट होतें. ट्रामच्या रुळांतून जमिनींत शिरणारा विजेचा प्रवाह आसपासच्या लोहचुंबकास डळमळवितो. मग सुई हलली ती वरच्या आकाशांतील प्रवाहामुळें, कीं रस्त्यावरून गाडी गेल्यामुळें, हें कोण सांगणार? साठ वर्षें जपलेली नोंद ह्यापुढें निरुपयोगी होण्याची वेळ आली.

लोकांची सोय अडवून धरणें उचित नव्हतें, आणि नोंद बिघडूं देणेंही उचित नव्हतें. म्हणून चुंबकीय वेधांचें काम मुंबईबाहेर नेण्याचें ठरलें, व त्यासाठीं खाडीपलीकडील अलिबाग हें गांव निवडण्यांत आलें. तें ट्रामपासून पुरेसें दूर, आणि जुन्या नोंदीशीं तुलना करतां येईल इतकें जवळ होतें. तेथील इमारतीसाठीं चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणविला. जेथें लोखंडाचा खिळा किंवा बिजागरी लागावयाची, तेथें तांबें, पितळ अशा धातूंचा उपयोग केला. आंतील उष्णतामान शक्य तितकें एकसारखें रहावें म्हणून भिंतींची रचनाही विशेष प्रकारें केली.

आतां त्यांच्या दूरदृष्टीचें मर्म पाहा. अलिबागचें काम १९०४ सालीं सुरू झालें, परंतु कुलाब्याचें काम लगेच बंद केलें नाहीं. १९०६ पर्यंत, सुमारें दोन वर्षें, दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेतले. दुप्पट श्रम कशासाठीं, असें एखाद्या घाईच्या माणसास वाटलें असतें. आपल्या बाजारांतलें उदाहरण घ्या. एखाद्या अडत्यानें जुना तराजू मोडीत काढून नवा आणला, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्वारीचें वजन अधिक भरूं लागलें, तर ज्वारी वाढली कीं तराजू बदलला? शहाणा व्यापारी तेंच पोतें कांहीं दिवस दोन्ही तराजूंवर घालून पाहतो, व दोहोंतील फरक लिहून ठेवतो. मूस यांनीं तेंच केलें. दोन्ही ठिकाणच्या वेधांतील फरक निश्चित झाल्यामुळें कुलाब्याची जुनी नोंद व अलिबागची नवी नोंद यांचा सांधा जुळला. मुंबईंत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजीं धांवली, तेव्हां तिची झळ पोंचेल असें कांहीं कुलाब्यास उरलें नव्हतें.

ह्यानंतर मूस यांनीं आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठें काम पुरें केलें. १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांचे कुलाब्याचे चुंबकीय आंकडे एकत्र करून त्यांनीं १९१० सालीं दोन भागांत प्रसिद्ध केले. साठ वर्षांत यंत्रें बदललीं होतीं. पूर्वीं मनुष्य दुर्बिणीस डोळा लावून वाचन करी. पुढें प्रकाशाच्या किरणानें छायाचित्राच्या कागदावर रेघ उमटविणारीं यंत्रें आलीं. माणसेंही बदललीं होतीं. ह्या सर्वांची नोंद एका मापानें वाचतां यावी, म्हणून पहिल्या भागांत आंकड्यांसोबत यंत्रांचीही हकीकत दिली आहे. ग्रंथकर्त्यानें आपल्या साधनांचे गुणदोष वाचकांपुढें उघडे ठेवावे, ही प्रामाणिकपणाची परमावधि होय. दुसऱ्या भागांत त्या आंकड्यांचा अर्थ लाविला आहे. चुंबकीय वादळ आलें असतां पृथ्वीचें क्षितिजसमांतर बल प्रथम किंचित् वाढतें, मग पुष्कळ घटतें, आणि हळूहळू पूर्वपदावर येतें, हा क्रम त्यांनीं अनेक वादळांची सरासरी काढून दाखविला. एकेका वादळांत जें दिसत नाहीं, तें पारखलेल्या पुष्कळ आंकड्यांच्या बेरजेंत दिसतें.

येथें आमचीच एक चूक कबूल केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. शिक्षकीच्या पहिल्या वर्षांत एका शाळेच्या पर्जन्यमापकाची नोंद आमच्याकडे होती. रोज सकाळीं साडेआठ वाजतां पाणी मोजून वहींत लिहावयाचें, इतकेंच काम. एकदां सुटीमुळें तीन दिवस आम्ही तिकडे फिरकलों नाहीं. चौथ्या दिवशीं भांड्यांत बरेंच पाणी सांपडलें. आम्हीं त्याचे तीन भाग केले व तीन तारखांपुढें मांडून टाकले. बेरीज खरी होती. तीनही दिवस खोटे होते. पुढें एका शेतकरी गृहस्थांनीं पेरणी उगवली कां नाहीं हें पाहण्यासाठीं त्याच दिवसांचा पाऊस आम्हांस विचारला. वहींत तीन दिवस सारखी झिमझिम दिसत होती. शेतांत मात्र एकाच रात्रीं मुसळधार पाऊस होऊन माती धुपून गेली होती. त्यांनीं आमच्या वहीवर विश्वास ठेविला, आणि आम्ही त्यांच्यासमोर मान खालीं घालून बसलों. तीन रिकाम्या जागा व एक खरी बेरीज लिहिली असती, तर तें अपुरें असूनही सत्य झालें असतें. शून्य लिहिणें म्हणजे पाहिलें आणि पाऊस नव्हता. जागा रिकामी ठेवणें म्हणजे पाहिलेंच नाहीं. ह्या दोहोंतील अंतर आम्हांस त्या दिवशीं कळलें.

मूस १९१९ सालीं सेवानिवृत्त झाले, व १९३६ सालीं त्यांनीं इहलोकींची यात्रा संपविली. अलिबागचें काम मात्र थांबलें नाहीं. १९७१ सालीं भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्रपणें स्थापन झाली, आणि कुलाबा व अलिबाग यांचा वारसा तिच्याकडे आला.

ह्या वारशाचें मोल जगास पुन्हां एकदां कळलें तें २००३ सालीं. नानाभॉय यांचा जन्म झाला त्याच वर्षीं, १८५९ च्या सप्टेंबराच्या आरंभीं, सूर्यावरील स्फोटामुळें पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ आलें होतें. युरोप व अमेरिका येथें तारायंत्रें बिघडलीं होतीं. त्या वेळीं कुलाब्यास कोणी अनाम निरीक्षक आपल्या यंत्रापाशीं बसून होता, व सुईचें वाचन वहींत उतरवीत होता. जवळजवळ दीडशें वर्षांनीं अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना व त्यांचे सहकारी यांनीं त्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तों क्षितिजसमांतर बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं घटल्याचें दिसून आलें. आज उपग्रह व वीजवाहिन्या यांस अशा वादळांचें भय आहे. म्हणून तें जुनें माप सर्व देशांचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. त्या निरीक्षकानें त्या दिवशीं अंदाजानें आंकडे भरले असते, तर ती हानि कोणत्याही विद्वानास भरून काढतां आली नसती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं सर्वांस वेधशाळेंत जावयाचें नाहीं. परंतु प्रयोगाची वही, घरचा जमाखर्च, दवाखान्यांतील तापाचा तक्ता किंवा शेतांतील पावसाची टांचणवही, ह्यांपैकीं एखादी तरी तुमच्या हातीं येईलच. तींत पाहिलेलें तेवढेंच लिहा. पाहिलें नसेल तेथें जागा रिकामी सोडा. चूक झाली तर ती खोडून लपवूं नका, तिच्याजवळ कारण लिहा. ती वही कोण उघडील व कोणत्या संकटांत उघडील, हें लिहिणाऱ्यास ठाऊक नसतें. नानाभॉय मूस यांनीं आपल्या आधींच्या पन्नास वर्षांच्या माणसांचे श्रम वांयां जाऊं दिले नाहींत, आणि आपल्या मागून येणाऱ्यांस फसविलें नाहीं. एवढें ज्याच्या हातून घडलें, त्याचें जीवित सार्थकीं लागलें, असें आम्ही समजतों.