कारमधल्या एफएम ट्रान्समीटरमागचा माणूस : एडविन आर्मस्ट्राँग

गाडी जुनी असेल तर कंपनी फिटेड स्टिरिओला ब्लूटूथ नसतं, कधी कधी ऑक्सही नसतो. मग आपण लायटर सॉकेटमध्ये छोटासा एफएम ट्रान्समीटर लावतो आणि फोनमधलं गाणं स्टिरिओवर वाजायला लागतं. हा जुगाड ज्याच्या शोधावर चालतो, त्या माणसाची गोष्ट आज बघूया.

कॉलेजात असतानाच पहिला शोध

एडविन आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच, १९१२ मध्ये, त्यांनी रेडिओचा कमजोर सिग्नल कित्येक पट वाढवणारं सर्किट बनवलं. १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये असताना, त्यांनी सुपरहेटरोडाइन रिसीव्हर तयार केला. स्टेशन कुठलंही असो, त्याचा सिग्नल आधी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणायचा आणि मग वाढवायचा, ही त्यातली आयडिया. पुढे जगभरचे रेडिओ याच पद्धतीने बनले.

खरखर कशी घालवली?

तेव्हाच्या एएम रेडिओत आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलायची. वीज चमकली किंवा इंजिनचा स्पार्क पडला की तीही उंची बदलते, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँगनी उंची तशीच ठेवून फ्रिक्वेन्सी बदलली. रिसीव्हर उंचीतला बदल कापून टाकतो, त्यामुळे खरखर जवळजवळ गायब! हेच एफएम. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना याची पेटंट मिळाली.

शोध जिंकला, माणूस हरला

आरसीए कंपनीचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ त्यांचे जुने मित्र. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्याही झाल्या. पण कंपनीने पैसा टेलिव्हिजनकडे वळवला. १९४० मध्ये तिने १० लाख डॉलर एकरकमी देऊ केले; इतर कंपन्या रॉयल्टी देतात तशीच आरसीएनेही द्यावी म्हणून आर्मस्ट्राँगनी नकार दिला. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा बँड ४२-५० मेगाहर्ट्झवरून ८८ च्या वर हलवला आणि लोकांच्या घरातले जुने एफएम सेट निकामी झाले. १९४८ मध्ये ते आरसीएविरुद्ध कोर्टात गेले. वर्षानुवर्षं तारखाच पडत राहिल्या. पैसा संपला, संसार मोडला. १९५४ च्या जानेवारीअखेर त्यांनी आयुष्य संपवलं.

पत्नी मॅरियन यांनी मात्र लढा सोडला नाही. आरसीएशी त्याच वर्षी तडजोड झाली. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा खटला १९६७ मध्ये जिंकला. भारतात एफएम आलं १९७७ मध्ये, मद्रासला.

तुमच्या गाडीत काय करायचं?

एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले, तर एफएम रिसीव्हर जास्त ताकदीचा सिग्नल धरतो आणि दुसरा दाबतो. म्हणून ट्रान्समीटरसाठी रिकामी फ्रिक्वेन्सी शोधा आणि स्टिरिओवर तीच लावा. राधानगरी, दाजीपूरच्या डोंगरात स्टेशनं कमी पकडतात, त्यामुळे जागा सहज मिळते. कोल्हापूर जवळ आलं की तिथलं स्टेशन तुमच्या गाण्यावर चढू शकतं. तसं झालं तर गाडी बाजूला घ्या आणि दोन्हीकडे फ्रिक्वेन्सी बदला.

गाणं पुन्हा स्वच्छ वाजायला लागलं, की समजा आर्मस्ट्राँग यांचं एफएम आपलं काम करतंय.