कुर्ल्याची मोटार, बीडची वाट आणि वालचंद हिराचंद

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव मागे टाकत बीडकडे निघालेला महामार्ग येडशीपाशी बालाघाटाच्या डोंगररांगांत शिरतो. या वाटेने जाणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की भारतातील जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांशी ज्याचे नाव जोडले गेले, त्या माणसाचे पहिले मोठे काम याच गावाच्या शिवारात झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बार्शी लाइट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा काही मैलांचा तुकडा बांधण्याचे कंत्राट सोलापूरच्या एका तरुणाने घेतले. तो तरुण म्हणजे वालचंद हिराचंद. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. बैलगाडी हेच इथले मुख्य वाहन होते, आणि बैलगाडीचा धनी निघण्यापूर्वी आखाला वंगण घालूनच निघत असे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, दिगंबर जैन. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. मॅट्रिकनंतर मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन महाविद्यालय, असे त्यांचे शिक्षण झाले खरे. पण पदवी हाती पडण्यापूर्वीच घरच्या जबाबदाऱ्यांमुळे त्यांना परतावे लागले. पेढीवर बसून व्याजाचे हिशेब मांडण्यात या मुलाचे मन रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक कंत्राटदारीत उतरू पाहत होते. त्यांच्याजवळ अनुभव होता, वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ताकद होती. दोघांनी भागी केली आणि येडशीच्या कामातून ‘फाटक-वालचंद’ हे नाव पुढे आले. सावकाराच्या मुलाने उन्हात उभे राहून मातीकामावर देखरेख करावी, हे त्या काळच्या सोलापूरला विचित्रच वाटले असणार.

पुढच्या दोन दशकांचा हिशेब थोडक्यात देता येतो. फाटक-वालचंद ही पेढी टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी कामे वालचंदांच्या नावावर जमा झाली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. या कामांतला बराचसा पैसा ज्या सरकारच्या तिजोरीतून येत होता, त्याच सरकारशी पुढे त्यांचे जन्मभर भांडण चालले. ही विसंगती त्यांच्या टीकाकारांनी टिपली होती. वालचंदांना मात्र तिचे ओझे कधी वाटलेले दिसत नाही.

भांडणाची सुरुवात समुद्रावर झाली. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे, युद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीस निघाले. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांना सोबत घेऊन ते विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला. किनारी वाहतुकीवर मक्तेदारी असलेल्या ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून या नवख्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. सिंदिया तगली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यावर अध्यक्षपद वालचंदांकडे आले आणि दोन दशके त्यांच्याकडेच राहिले.

या साऱ्या पसाऱ्यात साखरही होती. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातील आज वालचंदनगर म्हणून ओळखले जाणारे गाव, या दोन्ही ठिकाणी त्यांनी माळरानावर ऊस आणि कारखाने उभे केले. बीड जिल्ह्याचा ऊसतोड कामगार दरवर्षी कोयता घेऊन ज्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतो, तिथल्या साखरधंद्याच्या सुरुवातीच्या पानांवर हे नाव आहे. पण तो वेगळ्या आणि अधिक कडू लेखाचा विषय आहे.

मोटारीचा ध्यास मात्र साखरेपेक्षा आणि जहाजांपेक्षाही हट्टी निघाला. त्या काळी भारतात मोटारी यायच्या त्या परदेशातून, अखंड किंवा सुट्या भागांच्या पेट्यांतून. जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन कंपन्या मुंबईत भाग जोडून गाड्या विकत होत्या. जोडणी इथे, पण इंजिन, गिअर, अगदी बारीकसा बुशसुद्धा तिकडचा. देशातच मोटार बनावी यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास परदेश दौरा करून एक योजना आखली आणि वालचंद तिचे खंदे पाठीराखे झाले. मुंबई प्रांतात १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा योजनेला अनुकूल वारे मिळाले. पण १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि वारे फिरले. वालचंदांनी अमेरिकेत जाऊन फोर्ड आणि क्रायस्लर या दोन्ही कंपन्यांची दारे ठोठावली. फोर्डशी जमले नाही, क्रायस्लरशी जमले. केंद्रातील ब्रिटिश सरकारने मात्र या उद्योगाला हात देण्याचे नाकारले. युद्धासाठी सैन्याला हजारो वाहने लागत होती, ती बाहेरून आणणे सरकारला मान्य होते. देशात कारखाना उभारू देणे मान्य नव्हते.

अमेरिकेच्या त्याच प्रवासाने एक अनपेक्षित फळ दिले. विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली, आणि मोटारीसाठी निघालेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परतला. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४२ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे तिथे बांधलेले जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. एक काम रुळावर येण्यापूर्वीच दुसरे हाती घेण्याची वालचंदांची सवय भागीदारांना आणि सावकारांना घाम फोडणारी होती. त्या सवयीवाचून यातले काही उभे राहिले असते, असेही वाटत नाही.

प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना अखेर १९४४ मध्ये झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या वर्षीच, क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी आणि फार्गो मालट्रक तिथून बाहेर पडू लागले. सुरुवातीला तीही जोडणीच होती. पण एकेक भाग देशात बनवत न्यायचा, हा कार्यक्रम ठरलेला होता. पुढे १९५० च्या दशकात सरकारने उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्यांना दार बंद केले, तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या, कुर्ला राहिले.

अमेरिकन आराखड्याची गाडी इथल्या रस्त्यावर कशी टिकणार, हा प्रश्न कागदावरच्या योजनांत सहसा येत नाही. तो येतो पुढच्या चाकाशी. या मोटारींच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये चाक ज्या उभ्या पोलादी खिळीभोवती वळते तिला किंगपिन म्हणतात. गाडीचा भार, खड्ड्याचा धक्का आणि स्टिअरिंगचे वळण, तिन्ही या खिळीवर आणि तिच्या बुशांवर येतात. आजच्या गाड्यांत हे सांधे कारखान्यातूनच बंद होऊन येतात. तेव्हा तसे नव्हते. प्रत्येक सांध्याला ग्रीस आत सोडण्यासाठी छोटे निप्पल असे, आणि त्यातून दर काही हजार किलोमीटरांनी वंगण भरावेच लागे. धुळीच्या किंवा पाण्याच्या वाटेवर त्याहूनही लवकर.

मराठवाड्यात ही अट अधिक कडक होती. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या बीड जिल्ह्यात रेल्वे परळीच्या कडेला होती; बीड शहरात प्रवासी गाडी पोहोचली ती थेट २०२५ मध्ये. त्यामुळे दवाखाना, कोर्ट, बाजार, लग्नकार्य, सारे रस्त्यावर अवलंबून. उन्हाळ्यात आष्टी-पाटोद्याकडची बारीक धूळ, पावसाळ्यात गोदाकाठची चिकट काळी माती, आणि फरशी पुलांवरून वाहणारे पाणी. धूळ ग्रीसमध्ये मिसळली की वंगणाची पॉलिशपेस्ट होते आणि ती बुश खरवडून काढते. पाणी शिरले की गंज धरतो. मग स्टिअरिंग जड होते, वळताना चाकापाशी करकर ऐकू येते, ठराविक वेगाला पुढचे चाक थरथरते, टायर एका कडेने झिजतो. मोठ्या शहरात गाडी सर्व्हिस स्टेशनवर सोडून देता येई. तालुक्याच्या गावी मिस्त्री मिळेलच याची खात्री नसे, म्हणून जुन्या गाडीच्या मालकाला हे काम घरच्या अंगणात शिकावे लागे.

काम अवघड नाही, पण क्रम चुकवून चालत नाही. गाडी सपाट, टणक जागी उभी करून हॅन्डब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे. जॅकने पुढचा भाग उचलला की चासीखाली पक्की घोडी द्यायची. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली कधीही जायचे नाही. चाक अधांतरी झाले की किंगपिनवरचा भार हलका होतो आणि एरवी दाबून बसलेल्या फटीतही ग्रीस पोहोचते. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. निप्पल रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसायचे, नाहीतर तोंडावरची धूळ ग्रीसगन स्वतःच आत ढकलते. मग गनचे तोंड निप्पलवर नीट बसवून सावकाश दाब द्यायचा, मधून मधून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायचे. आधी काळे, खरखरीत जुने ग्रीस बाहेर येते. त्यामागून नव्याचा रंग दिसला की थांबायचे. बाहेर आलेले सारे पुसून घ्यायचे, कारण त्यावरच उद्याची धूळ बसते.

ग्रीस आत जात नसेल तर जोर वाढवण्यात अर्थ नसतो. निप्पल काढून रॉकेलमध्ये धुवायचे, तरी मोकळे झाले नाही तर नवे बसवायचे. ते काही रुपयांचे असते, बुश-किंगपिन बदलणे मात्र खर्चाचे. रबरी बुशांना ग्रीस किंवा तेल लावू नये, त्याने रबर फुगते आणि सडते. दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकत्र करू नयेत; काही जाती मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात. शेवटी, गाडी खाली घेण्यापूर्वी, चाक वर आणि खाली धरून हलवून पाहायचे. खडखड जाणवली तर झीज आधीच झालेली आहे आणि वंगणाने ती भरून येत नाही.

वालचंदांना स्वतःला कुर्ल्याच्या कारखान्याची भरभराट फार काळ पाहता आली नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ज्या माणसाचे आयुष्य रेल्वे, आगबोट आणि विमानात गेले, तो खिळून पडला. १९५० मध्ये त्यांनी व्यवहारातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. उद्योगांची धुरा भावांकडे आणि पुढच्या पिढीकडे गेली.

ज्या गाडीमुळे कुर्ला घराघरांत पोहोचले ती त्यांच्या मृत्यूनंतर आली, ही या चरित्रातली चटका लावणारी गोष्ट आहे. इटलीच्या फियाटशी झालेल्या करारातून १९५४ पासून फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली. अवजड डॉजच्या मानाने आटोपशीर, पेट्रोल बेताने पिणारी. हीच गाडी १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि लवकरच प्रीमियर पद्मिनी झाली. गिअरचा दांडा अनेक वर्षे स्टिअरिंगपाशी आणि पुढच्या चाकांना किंगपिन, हा ढाचा तिने जवळजवळ शेवटपर्यंत सोडला नाही. जगातल्या मोटारी वंगणमुक्त सांध्यांकडे वळल्या तरी पद्मिनीच्या मालकाची ग्रीसगन सुटली नाही. संरक्षित बाजारपेठेत कंपनीला बदलाची निकड भासली नाही, हा आक्षेप रास्तच आहे. त्याच वेळी हेही खरे, की पाना, जॅक आणि ग्रीसगन यांवर चालणारी गाडी तालुक्याच्या गावी दुरुस्त होत होती.

पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले. मुंबईतील शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनीने शहराचा निरोप घेतला. खासगी मालकीच्या गाड्या अजून काही हौशी मंडळींनी जपल्या आहेत. अशी एखादी गाडी सोलापूरहून बीडकडे निघाली, तर तिची वाट येडशीवरूनच जाते.